वावर गहाण ठेवून कृषी केंद्र टाकावं का?

दारव्हा तालुक्यातल्या 24 वर्षांच्या एका मुलीचा प्रश्न आहे. बी.एस्सी. ॲग्री झालं आहे, घरी सहा एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. गावाजवळच्या फाट्यावर तिला कृषी केंद्र, म्हणजे खत-बियाणं-औषधांचं दुकान, टाकायचं आहे. त्यासाठी बाबा तिच्या लग्नाला ठेवलेली 4 लाखांची एफडी मोडायला तयार आहेत, आणि वावर गहाण ठेवून 11 टक्क्यांनी सात वर्षांसाठी 10 लाख मिळत आहेत. बियाणे कंपनीत महिना 20,000 ची नोकरीही चालून आली आहे. पण 'नोकरीच करायची होती तर शेतीचं कशाला शिकली?' असं घरी-दारी ऐकावं लागतं.

ताई, हे बोलणं आधी बाजूला ठेवा. कंपनीसाठी पन्नास गावांच्या बांधांवर फिरून पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं उभं पीक, बघणं हे शेतीचंच काम आहे, फक्त त्याचा पगार मिळतो.

आता दुकानाचा हिशेब. हप्ता 17,100 च्या आसपास बसेल, म्हणजे वर्षाला 2 लाख 5 हजार. समजा पहिल्याच वर्षी 40 लाखांची विक्री झाली (मी मुद्दामच हात सैल सोडून धरतोय) आणि खत, बियाणं, औषध मिळून सरासरी 8 टक्के सुटले, तर 3 लाख 20 हजार हाती येतात. गाळ्याचं भाडं 6,000 आणि मदतीच्या पोराचा पगार 8,000 धरला, तर वर्षाचे 1 लाख 68 हजार त्यातच जातात. उरले 1 लाख 52 हजार. बँकेच्या हप्त्यालाच 53 हजार कमी पडतात, तुमची मजुरी तर अजून धरलेलीच नाही.

हे आकडे घासूनपुसून थोडे सुधारतील. मला धास्ती आहे ती उधारीची. मृगात नेलेल्या बॅगांचे पैसे कास्तकार विकलेल्या कापसाचा चुकारा (पैसे) आल्यावर देतो, म्हणजे दिवाळीला, कधी संक्रांतीला. निम्मी विक्री जरी उधार गेली तरी 20 लाख लोकांच्या वावरात अडकतात, आणि तुमचं सगळं भांडवल आहे 14 लाख. त्यात पावसानं दगा दिला तर बाबांचा कापूस जाईल आणि त्याच आठवड्यात तुमच्या गिऱ्हाइकांचाही जाईल. 2017 आठवा. गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी पोखरली, त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं आपल्या यवतमाळ जिल्ह्यात माणसं दगावली. अशा साली कोणाच्या दारात जाऊन वसुली मागणार? घर ज्या पिकावर चालतं, त्याच पिकावर दुकान चालवायचं आणि कर्जाला तारणही तेच वावर द्यायचं, हे मला पटत नाही. शिवाय भाऊ असेल तर त्याचाही वाटा त्या सातबाऱ्यात आहे.

म्हणून यंदा दुकान नको. दोन खरीप नोकरी करा. महिना 9,000 आवर्ती ठेवीत टाकले तर दीड वर्षात व्याज सोडून 1 लाख 62 हजार होतात. त्याहून मोलाची कमाई म्हणजे कोणत्या गावात उधारी बुडते आणि कोणता दुकानदार रोखीवर टिकून आहे, हे फिरताना कळेल. कंपनीच्या खर्चानं कळेल, हे विशेष.

मधल्या काळात ॲग्री क्लिनिक योजनेचं 45 दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण करून घ्या. कृषी पदवीधरांसाठी ही योजना 2002 पासून आहे. तिच्यातून प्रकल्पकर्ज मंजूर झालं तर महिलांना 44 टक्के अनुदान आहे, पुरुषांना सर्वसाधारण गटात 36. मात्र ते हातात रोख पडत नाही, कर्जखात्यात नंतर वळतं होतं, तेव्हा हप्ते आधी झेपले पाहिजेत. चालू वर्षाची स्थिती नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांकडे विचारा. पुढे दुकान टाकाल तेव्हाही एका रॅकपासून आणि रोखीनं सुरू करा. माती परीक्षणाचा अहवाल वाचून देणं, फवारणीचं प्रमाण लिहून देणं, हे काउंटरवर तुमच्याकडून होईल. नुसत्या टॉनिकच्या बाटल्या खपवणाऱ्याकडून होणार नाही.

एफडी मोडू नका. त्यातले दीड लाख घरच्या एका बुडीत हंगामासाठी वेगळे समजा, बाकीचं लग्नाला लागेल की दुकानाला, ते तुम्ही ठरवा. बाबांचं पीककर्ज थकलेलं असेल तर ते आधी नियमित करा. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर राज्यात व्याज शून्यावर येतं, आणि माफीची वाट बघत थकवलेलं खातं उद्या तुमच्याच कर्जाच्या आड येईल.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की एक दुकानदार तुमची पदवी त्याच्या लायसनला लावायचे वर्षाला 30,000 देतो म्हणतोय. घेऊ नका. बोगस बियाण्याची तक्रार झाली की कागदावर नाव तुमचं असेल. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स त्याच्याकडे दिल्या असतील तर याच आठवड्यात परत आणा.