दोन देशांकडून खेळलेला एखादा फुटबॉल गोलकीपर आहे का? त्याचं करिअर कसं होतं, आणि आज असं करता येतं का?

आहेत, बरेच आहेत. पटकन नाव हवं असेल तर दिमित्री खारिन घ्या. १९८८ ला सोव्हिएत युनियनसाठी ऑलिम्पिक गोल्ड, १९९२ च्या युरोत सीआयएस नावाची तात्पुरती टीम, १९९४ चा वर्ल्ड कप रशियाकडून. पण त्यात त्याने स्वतः काही ठरवलं असं नाही ना, तो जागचा हललाच नाही, वरचा देश मोडला म्हणून जर्सी बदलली. मला या प्रश्नावर दरवेळी आठवतो तो रुडी हिडेन, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स. आपल्याकडे त्याच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

रुडॉल्फ हिडेन १९०९ चा, ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावचा. शिकला बेकरीचं काम. ग्राझमध्ये खेळता खेळता व्हिएन्नाच्या विनर एसी क्लबने त्याला उचललं आणि १९२८ मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षांचा असतानाच, तो ऑस्ट्रियाच्या गोलमध्ये उभा होता. तेव्हाचं गोलकीपिंग म्हणजे आताचं नाही हे लक्षात घ्या. समोरचा फॉरवर्ड खांदा मारून गोलीला बॉलसकट गोलमध्ये ढकलू शकायचा आणि रेफ्री बिनधास्त गोल द्यायचा. मी स्वतः कॉलेजात गोली होतो (उंच पोराला सगळे गोलीच करतात, विचारत पण नाहीत) त्यामुळे हे वाचलं की माझ्याच बरगड्या दुखायला लागतात.

मे १९३० मध्ये इंग्लंडची टीम व्हिएन्नाला आली आणि मॅच ०-० सुटली. इंग्लंड तेव्हा स्वतःला फुटबॉलचा बाप समजायचं, त्यांना गोल करू न देणारा हा एकवीस वर्षांचा पोरगा कोण म्हणून चर्चा झाली, आणि आर्सेनलचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमन त्याच्या मागे लागला. चॅपमन काळाच्या फार पुढचा माणूस होता, खेळाडू कुठल्या देशाचा याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं, चांगला गोली पाहिजे बस. क्लबशी बोलणं झालं, पैशांचं ठरलं, सगळं झालं आणि गाडी अडली कुठे तर वर्क परमिटवर! इंग्लंडमध्ये मंदी, लाखो लोक बेकार, खेळाडूंची युनियन म्हणाली आमची पोरं घरी बसलेली असताना बाहेरचा गोली कशाला, आणि कामगार मंत्रालयाने चक्क नाही म्हटलं. एवढ्यावर थांबले नाहीत, पुढच्याच वर्षी इंग्लिश असोसिएशनने नियम केला की परदेशी प्रोफेशनलने आधी दोन वर्षं इंग्लंडमध्ये राहिलेलं पाहिजे. हा नियम किती टिकला माहितीये? १९७८ पर्यंत. म्हणजे टॉटनहॅमने आर्डिलेस आणि व्हिया हे दोन अर्जेंटिनावाले आणले तोपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, आणि ते दार बंद व्हायला निमित्त झाला हा बेकरीवाला. चॅपमनने तरी काय केलं, त्याच सीझनला खेरिट कायझर नावाचा डच गोली खेळवला, तो अमॅच्युअर असल्यामुळे परमिटची भानगडच नाही. आणि आर्सेनल त्या वर्षी पहिल्यांदा लीग जिंकलं.

इकडे हिडेनचं नुकसान झालं असं म्हणावं तर तसंही नाही, कारण पुढची दोन वर्षं ऑस्ट्रियाची टीम युरोपात कुणाला ऐकेना. हुगो मायस्ल मॅनेजर, पुढे मॅथियास झिंडेलार, मागे हिडेन. मे १९३१ मध्ये व्हिएन्नात स्कॉटलंडला ५-० धुतलं, आठवड्याभराने बर्लिनमध्ये जाऊन जर्मनीला ६-०, सप्टेंबरमध्ये परत जर्मनीला ५-०. लोक वुंडरटीम, म्हणजे चमत्कारी टीम, म्हणायला लागले. ओळीने चौदा मॅच हार नाही. त्याच वर्षी विनर एसीने ऑस्ट्रियन कप जिंकला आणि मित्रोपा कपच्या, म्हणजे मध्य युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या स्पर्धेच्या, फायनलला जाऊन हरले.

ही चौदा मॅचची माळ तुटली कुठे, तर लंडनमध्ये. ७ डिसेंबर १९३२, स्टॅमफर्ड ब्रिज, इंग्लंड ४ ऑस्ट्रिया ३. ज्या देशाने कामाला येऊ दिलं नाही तिथे हिडेन पाहुणा म्हणून गोलमध्ये उभा. हाफटाइमला २-० मागे, आणि मग ऑस्ट्रियाने दुसऱ्या हाफमध्ये असा खेळ केला की हरूनसुद्धा नाव त्यांचंच झालं. पण गोलीच्या बाजूने बघा ना, चार गोल खाल्ले, रात्री जेवताना त्याला "काय सुंदर हरलात" म्हटलेलं कसं वाटलं असेल. झिंडेलारचा गोल सगळ्यांच्या लक्षात राहतो, गोलीचे चार राहतात.

१९३३ ला तो पॅरिसला गेला, रेसिंग क्लबकडे. फ्रान्समध्ये प्रोफेशनल लीग नुकतीच सुरू झाली होती, त्यांना बाहेरची चांगली माणसं हवीच होती, म्हणजे जे लंडनला नको होतं ते पॅरिसने हसत घेतलं. ऑस्ट्रियाकडून वीस मॅच झाल्या होत्या, एकविसावी कधीच झाली नाही. १९३४ च्या वर्ल्ड कपला ऑस्ट्रियाच्या गोलमध्ये पीटर प्लाट्झर होता, सेमीफायनलला इटलीने १-० काढलं आणि तो एकमेव गोल गोलीला धक्का देऊन झाला अशी तक्रार आजही ऐकू येते. हिडेन असता तर? जाऊ दे, या जर-तरला अंत नाही. पॅरिसमध्ये मात्र त्याचं मस्त चाललं होतं. १९३६ ला रेसिंगने लीग आणि कप दोन्ही मारले, १९३९ ला परत कप. तिथे तो रुडॉल्फचा रोडोल्फ झाला आणि पुढे फ्रान्सचा नागरिकही.

आता ज्यासाठी मी हे सगळं सांगतोय तो भाग. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. ऑस्ट्रियाची टीम त्या वर्षीच्या वर्ल्ड कपला क्वालिफाय झालेली होती, ती टीमच रद्द, चांगले खेळाडू जर्मनीच्या टीममध्ये. त्यात रॅपिड व्हिएन्नाचा गोली रुडॉल्फ राफ्टल होता (हो, तोही रुडॉल्फ). ऑस्ट्रियाकडून सहा मॅच, जर्मनीकडून चार, म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या यादीत हाही बसतो. तर हा राफ्टल जून १९३८ मध्ये छातीवर स्वस्तिक लावलेल्या जर्मन जर्सीत पॅरिसच्या पार्क दे प्रॅन्सवर उतरला, स्वित्झर्लंडशी १-१, आणि मग रिप्लेला ४-२ ने हरून पहिल्याच राउंडला घरी. अर्धी टीम व्हिएन्नाची अर्धी जर्मनीची, खेळण्याची पद्धत वेगळी, वरून हुकूम की दोघांना मिसळून खेळवा. कशी जिंकणार? आणि त्या वेळी हिडेन त्याच पॅरिसमध्ये रेसिंगचा गोली. व्हिएन्नाला राहिला असता तर त्या जर्सीसाठी पहिलं नाव त्याचंच निघालं असतं असं आपलं मला वाटतं.

त्याला दुसरी जर्सी मिळाली ती १९४० मध्ये. २८ जानेवारी, पार्क दे प्रॅन्स, फ्रान्स विरुद्ध पोर्तुगाल. युद्ध जाहीर झालेलं पण लढाई अजून दारात आलेली नाही असे ते विचित्र महिने होते. फ्रान्स ३-२ ने जिंकलं. हिडेन तीस वर्षांचा, ही त्याची फ्रान्सकडून पहिली मॅच आणि शेवटचीही, कारण त्यानंतर फ्रान्सची टीम थेट १९४२ मध्येच मैदानात उतरली. ५ मे १९४० ला रेसिंगने मार्सेला २-१ हरवून परत कप घेतला आणि पाच दिवसांत जर्मन फौजा फ्रान्सवर चालून आल्या. खेळाडू म्हणून त्याचं मोठं करिअर तिथे संपल्यात जमा. युद्धानंतर इटलीत कोचिंग केलं, शेवटी परत व्हिएन्नाला गेला आणि १९७३ मध्ये तिथेच वारला.

लोक अशा खेळाडूंबद्दल "खरा देश कोणता", "निष्ठा कुणाशी" असलं विचारतात, मला तो प्रश्नच फालतू वाटतो. हिडेनला लंडनच्या एका ऑफिसने नाही म्हटलं, पॅरिसच्या एका क्लबने हो म्हटलं, त्यावर त्याचं अख्खं आयुष्य ठरलं. राफ्टलला तर कुणी विचारलंच नाही. देशप्रेम वगैरे मोजायला यात जागा कुठे आहे?

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आज चालतं का. चालतं, पण अटी भरपूर. १९६२ पर्यंत सरळ चालायचं, पुश्कासने हंगेरीनंतर त्या वर्ल्ड कपला स्पेनकडून खेळून दाखवलं, आल्ताफिनी ब्राझीलकडून वर्ल्ड कप जिंकून पुढचा इटलीकडून खेळला. मग फिफाने दार लावलं. २००४ पासून थोडं उघडलं, आणि २०२० च्या बदलानंतर सीनियर टीमकडून जास्तीत जास्त तीन मॅच, त्याही एकवीस वर्षांचे व्हायच्या आत, त्यात वर्ल्ड कप किंवा युरोसारख्या स्पर्धेची मुख्य फेरी नको आणि मध्ये तीन वर्षं गेलेली पाहिजेत, असं असेल तर देश बदलता येतो. म्हणजे वीस मॅच खेळलेल्या हिडेनला आज फ्रान्सकडून खेळताच आलं नसतं.

भारताचं विचाराल तर आपल्याकडे पासपोर्ट भारतीयच लागतो, ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) नॅशनल टीममध्ये घेत नाहीत. पुणे एफसीकडून खेळणारा अराता इझुमी आठवतोय का? जपानमध्ये जन्मलेला, वडील भारतीय वंशाचे, त्याने जपानी पासपोर्ट सोडून भारताचा घेतला आणि २०१३ मध्ये इंडियाकडून खेळला. तो काही गोली नव्हता आणि जपानच्या टीमकडूनही कधी खेळला नव्हता, त्यामुळे तुमच्या यादीत बसत नाही.