‘सामरिक टेहळणी ड्रोन’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे : लष्कराच्या ‘टॅक्टिकल सर्व्हेलन्स ड्रोन’साठी एका बातमीत ‘सामरिक टेहळणी ड्रोन’ असा शब्द वापरला होता, तो बरोबर आहे का? आणि टेहळणीऐवजी पाळत किंवा हेरगिरी चालेल का?

टेहळणी अगदी बरोबर आहे. माझा आक्षेप आहे तो ‘सामरिक’ला.

आधी टेहळणी. गडाचा टेहळणी बुरूज आपल्याला माहीत आहे. तिथला पहारेकरी लपलेला नसायचा. मुलूख नजरेखाली ठेवायचा आणि हालचाल दिसली की वर्दी द्यायची, हे त्याचे काम. बहिर्जी नाईकांचे काम वेगळे होते. वेश पालटून शत्रूच्या गोटात शिरायचे, ती हेरगिरी. पाळत ठेवली जाते ती माणसावर, फार तर त्याच्या घरावर. म्हणून पोलीस संशयितावर पाळत ठेवतात आणि सैन्य खिंडीची टेहळणी करते. ड्रोन उंचावरून प्रदेश न्याहाळते, तेव्हा बुरुजाचाच शब्द त्याला शोभतो. शिवाय ‘घिरट्या घालणे’ हे क्रियापद घारीमुळे आपल्याकडे तयारच आहे. त्यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही.

आता ‘टॅक्टिकल’. समर म्हणजे युद्ध, त्यामुळे व्युत्पत्तीने ‘सामरिक’ कुठल्याही लष्करी गोष्टीला लागू पडेल. पण आजच्या मराठीत आपण ‘सामरिकदृष्ट्या महत्त्वाचे बंदर’ म्हणतो, म्हणजे देशाच्या दूरगामी संरक्षणाचा विचार त्यात येतो. ‘टॅक्टिकल’ नेमके त्याच्या उलट टोकाला आहे : समोरची टेकडी, पलीकडची तोफ, पुढचे काही तास.

डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेने लष्करासाठी घडवलेले ‘निशांत’ हे ड्रोन पाहिले की हे स्पष्ट होते. वजन सुमारे ३८० किलो, हवेत राहण्याची क्षमता साधारण साडेचार तास. त्याला चाके नव्हती. ट्रकवरच्या प्रक्षेपकातून ते हवेत फेकले जाई आणि काम संपल्यावर हवाई छत्रीने खाली येई. आपटू नये म्हणून पोटाशी हवेच्या पिशव्या असत. धावपट्टीच लागत नसल्याने ते तुकडीबरोबर आघाडीपर्यंत नेता येत होते. दिवसा-रात्री पाहणारे कॅमेरे आणि लेझरने अंतर मोजण्याची सोय, यांच्या जोरावर लक्ष्य हेरायचे आणि आपल्या तोफांचे गोळे कुठे पडताहेत ते पाहून मारा दुरुस्त करवून घ्यायचा, ही त्याची कामे. अशा यंत्राला ‘सामरिक’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर भलतेच काही उभे राहते. (लष्कराने घेतलेली चारही निशांत २०१५ पर्यंत कोसळली आणि पुढची खरेदी थांबली. चाकांवर उतरणारी त्याची आवृत्ती ‘पंछी’ २०१४ च्या डिसेंबरात प्रथम उडाली होती.)

मग ‘डावपेचात्मक’? कोशाच्या दृष्टीने चूक नाही, पण मला तो पटत नाही. डावपेच कुस्तीच्या आखाड्यातून राजकारणात गेले आणि त्यांना कावेबाजपणाचा वास लागला. ‘डावपेचात्मक ड्रोन’ वाचताना ते यंत्रच कुणाविरुद्ध कट करतेय असे वाटते. त्यापेक्षा ‘रणांगणावरील टेहळणीचे ड्रोन’ लिहावे. शब्द एकाचे दोन झाले तरी हरकत नाही, अर्थ सरळ पोचतो.

एक अडचण मात्र आहे. डीआरडीओच्याच ‘रुस्तम-२’ या ड्रोनचे नाव पुढे ‘तपस’ झाले, तेव्हा त्या इंग्रजी आद्याक्षरांतला पहिला ‘टी’ टॅक्टिकलचाच घेतला. प्रत्यक्षात त्याच्याकडून अपेक्षा होती ३०,००० फूट उंचीची आणि सलग २४ तास उड्डाणाची. हा आवाका रणांगणाच्या फार पुढचा आहे. मला वाटते, तपस हे सुंदर नाव जुळावे म्हणून तो शब्द ताणला गेला. तिथे भाषांतरकाराने नावाची फोड न करता ‘दीर्घ पल्ल्याचे टेहळणी ड्रोन’ म्हणावे.

‘मानवरहित’ऐवजी ‘वैमानिकरहित’ अधिक नेमके आहे, कारण जमिनीवर ते चालवणारी माणसे असतातच. आणि ‘ड्रोन’ला पर्याय शोधू नये. मूळ इंग्रजीत तो नर मधमाशीचा शब्द, पण मराठीत तो आता रुळला आहे. विमानाच्या जोडीने मी त्याला नपुंसकलिंगी धरतो : ते ड्रोन उडाले.