जपान्यांच्या कैदेतले वैमानिक पळून का गेले नाहीत? गपचूप मार का खात बसले?

'गपचूप मार खात बसले' हे वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

लुई झॅम्पेरिनीचं बघा. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये 5000 मीटर धावलेला माणूस, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-24 या बॉम्बफेकी विमानावर बॉम्बार्डियर, म्हणजे बॉम्ब टाकणारा. मे 1943 मध्ये विमान पॅसिफिकमध्ये पडलं, 11 जणांतले 3 वाचले, त्यातला एक तराफ्यावरच मेला. उरलेल्या दोघांनी पावसाचं पाणी आणि हाताने पकडलेले पक्षी-मासे यावर 47 दिवस काढले आणि मार्शल बेटांना लागले तर समोर जपानी. म्हणजे कैद सुरू व्हायच्या आधीच अंगात नुसती हाडं उरलेली.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी याच्यावरच बोललो होतो. बोलणं संपायच्या आत पुढच्या रांगेतले एक काका उठले, म्हणाले, "यात कसला पराक्रम? आमचा परुळकर बघा, पाकिस्तानच्या जेलला भगदाड पाडून निघाला." टाळ्या पडल्या. मला आजही त्या टाळ्यांचा राग येतो. 1971 च्या युद्धात पाकिस्तानच्या हाती लागलेले आपल्या हवाई दलाचे वैमानिक दिलीप परुळकर, त्यांच्याबद्दल मला काकांपेक्षा कमी आदर नाही. पण ऑगस्ट 1972 मध्ये परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी रावळपिंडीच्या कॅम्पमधून निघाले तेव्हा ते बसमध्ये बसून पेशावरला जाऊ शकले, कारण चेहरा तिथलाच वाटत होता आणि भाषा येत होती. तरीसुद्धा अफगाण सीमेजवळ लंडी कोतलला पकडले गेलेच. आता टोकियोच्या रस्त्यावर उपाशी, दाढी वाढलेला गोरा अमेरिकन किती पावलं गेला असता ते तुम्हीच सांगा.

आणि झॅम्पेरिनीने प्लॅन केला नव्हता असंही नाही. त्याला जपानमध्ये नेल्यावर तिथल्या ओफुनाच्या कॅम्पमध्ये दोघा-तिघांनी मिळून विमान पळवायचं ठरवलं होतं. मग पहारेकऱ्यांनी जाहीर केलं की कोणी पळालं तर मागे राहिलेल्या कैदी अधिकाऱ्यांना मारू. तुमच्या पायात ताकद असेलही हो, पण शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या जिवावर पळाल का? ओफुनातल्या कैद्यांची नावं तर रेड क्रॉसला कळवलेलीच नव्हती, मारून टाकलं असतं तरी विचारणारं कोणी नव्हतं. झॅम्पेरिनीच्या घरच्यांना तर त्याच्या मृत्यूचं सरकारी पत्रसुद्धा गेलं होतं.

त्याने काय केलं ते ऐका. नोव्हेंबर 1944 मध्ये रेडिओ टोकियोवर त्याला स्वतःचा निरोप वाचू दिला. मग दुसरा कागद पुढे केला, स्वतःच्याच देशाविरुद्धचा. वाचलास तर चांगलं जेवण, चांगली राहायची सोय. तो नाही म्हणाला आणि परत टोकियोतल्या ओमोरी कॅम्पमध्ये गेला, जिथे वातानाबे नावाचा सार्जंट त्याला रोज शोधून शोधून मारायचा. पुढे नाओएत्सुच्या कॅम्पमध्येही तोच वातानाबे. तिथे एक बकरी मेली म्हणून याला लाकडाची जड तुळई डोक्यावर धरून उभं केलं. याला गपचूप बसणं म्हणतात? ओमोरीतले बाकीचे कैदी रेल्वे यार्डात हमाली करताना साखर-तांदूळ चोरायचे, मालाची लेबलं बदलून वॅगनी भलतीकडे पाठवायचे. पश्चिमेकडच्या दोस्तराष्ट्रांचे जे कैदी जपान्यांकडे होते त्यातले शंभरातले 27 मेले, जर्मनी-इटलीकडच्यांत हेच प्रमाण 4. अशा ठिकाणी जिवंत राहणं हीच लढाई होती, आणि ज्याला हे पटत नाही त्याने या विषयावर उठून बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वातानाबेला कधीच शिक्षा झाली नाही, तो लपून राहिला आणि 1952 मध्ये खटलेच मागे घेतले गेले. 1998 मध्ये झॅम्पेरिनी ऑलिंपिकची मशाल घेऊन जपानमध्ये धावला तेव्हा त्याला वातानाबेला भेटायचं होतं, पण वातानाबेने नकार दिला.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कोणीच पळालं नाही असं नाही. एप्रिल 1943 मध्ये फिलिपीन्सच्या दावाओ कॅम्पमधून 10 अमेरिकन पळाले, त्यात विल्यम डायस हा फायटर पायलट होता. त्यांच्याबरोबर 2 फिलिपिनो कैदी होते, बाहेर जंगल होतं आणि जपान्यांशी लढणारे गनिमी गट त्यांना लपवायला तयार होते. आमच्या काकांसारखं कोणी भेटलं तर परुळकरांच्या जोडीला डायसचंही नाव घ्या, आणि मग विचारा की ओमोरीच्या कुंपणाबाहेर असं कोण उभं होतं.