वायफाय बंद करून मुलगी सीए होत नाही

(इंदूरच्या एका करसल्लागार वडिलांचं पत्र. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सीए फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, दोनदा नापास झाली. आता रात्ररात्र सीएसएस ही वेबसाइट बनवण्यातली एक भाषा शिकत बसते आणि मावशीच्या फराळाच्या व्यवसायासाठी तिनं वेबसाइट केली आहे. वडील विचारतात, 'हे खूळ डोक्यातून कसं काढावं? निघणारच नसेल, तर सोबतच्या पत्रकातल्या 85 हजारांच्या कोर्सला घालावं का?')

सप्रेम नमस्कार,

दोन्ही प्रश्नांकडे येते, पण आधी तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानाबद्दल. तिथे तुम्ही लिहिलंय, 'रात्री दहाला वायफाय बंद करतो आणि पुण्याच्या पुतण्याचं पॅकेज रोज जेवताना ऐकवतो, म्हणजे जिद्द पेटेल.' नाही पेटत. दोनदा नापास झालेल्या मुलीला ताटावर दुसऱ्याचा पगार वाढला की ती दोन घास कमी खाऊन खोलीत निघून जाते. त्याच पानावर खाली तुमचं वाक्य आहे, 'हल्ली ती आमच्यात बसत नाही.' या दोन वाक्यांचा संबंध तुम्हाला दिसला नाही, याची मला तिच्या मार्कांपेक्षा जास्त काळजी वाटली.

सीए व्हायचं तिनं ठरवलं की तुम्ही, हे चार पानांत कुठेच नाही. 'आमच्याकडे तीन पिढ्या हिशेबाचंच काम' एवढं मात्र आहे. सियागंज बाजारातले जुने अशील पुढे कोण सांभाळणार, ही तुमची चिंता खरी आहे, मी तिला हसत नाही. पण ती तुमच्या ऑफिसची चिंता झाली. ऑफिससाठी चांगला सहायक शोधा, मुलीला त्यात जुंपू नका. फाउंडेशनला प्रत्येक पेपरात किमान 40 आणि एकूण 50 टक्के लागतात. ती नेमकी कुठे अडली, एका पेपरात की एकूण बेरजेत, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. हे माहीत नसताना तिला तिसऱ्यांदा भंवरकुआँ भागातल्या क्लासला पाठवून काय साधणार?

आता तिच्या शिकण्याला तुम्ही वापरलेला 'रंगरंगोटी' हा शब्द. सीएसएस म्हणजे वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या नियमांची भाषा. तिची पहिली प्रमाणित आवृत्ती 1996 मध्ये आली. तिचा गाभा रंगात नाहीच. एकाच मजकुराला चार नियम लागू होत असतील तर कोणता चालेल, या निवाड्यात तो आहे, आणि हे तुम्हाला इतर कुठल्याही वडिलांपेक्षा लवकर कळायला हवं. कायद्यात सर्वसाधारण तरतुदीपुढे विशेष तरतूद टिकते ना? इथेही सगळ्या परिच्छेदांसाठीचा नियम एखाद्या ठरावीक गटाच्या नियमापुढे मागे पडतो, आणि दोन्ही तुल्यबळ असले तर नंतर लिहिलेला लागू होतो. 2022 पासून ब्राउझरांत नियमांचे थर करून कोणता थर वरचढ, हेही आधी ठरवता येतं. ज्यांना हे समजत नाही ते दिसेल त्या ओळीवर 'इम्पॉर्टंट'चा, म्हणजे 'हाच नियम आधी'चा, शिक्का मारत सुटतात आणि महिन्याभरात स्वतःचीच फाइल त्यांना आवरत नाही. शिवाय तेच पान हातातल्या फोनवर आणि ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर न मोडता उभं राहायला हवं. हे डोक्याचं काम आहे. मावशीची साइट एकदा तुमच्या फोनवर उघडून बघा. ती पाहिल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही.

उलट बाजूही सांगते. नुसत्या सीएसएसवर नोकरी मिळत नाही. पानाचा सांगाडा लिहिणारं एचटीएमएल पक्कं हवं, पानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट हवीच. साधं पान एआय मिनिटांत लिहून देतं, त्यामुळे स्वस्तातली कामं आटत जाणार. पान का मोडलं हे ज्याला शोधता येतं, त्याला माझ्या मते काम राहील. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिस आहेत म्हणून तिथेच लागेल असं धरू नका. विजयनगरकडच्या एखाद्या छोट्या कंपनीतून सुरुवात होईल, आणि तो पगार पुतण्याला ऐकवण्यासारखा नसेल.

परीक्षांचं थोडक्यात: बी.कॉम. पूर्ण करायचंच. पुढे डिझाइनकडे ओढ राहिली तर एम.डिझ. या डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी सीड ही प्रवेशपरीक्षा आहे, ती मुंबई आयआयटी घेते. संगणकातली पदव्युत्तर पदवी, एमसीए, हवी असेल तर बारावीला गणित होतं का ते पाहा.

यापुढचं तिला वाचायला द्या.

बेटा, सीए नको असेल तर ते तोंडानं सांग, वेबसाइटच्या आड लपू नकोस. नापास झाल्यावर हाताला जे पहिलं लागतं ते आवडायला लागतं, असंही होतं. तुझं तसं नाही हे कंटाळवाण्या कामातून कळेल, म्हणून तेच देते. मराठी मथळ्यांना अक्षरांमधलं अंतर वाढवलं असशील तर काढ, देवनागरीत शिरोरेखा तुटते. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापानं ठेवलंस तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदव. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसतील. चकली-शेवेच्या चौकटी ग्रिडनं, म्हणजे आडव्या-उभ्या रांगांच्या मांडणीनं, लाव, मग त्यातलीच एक चौकट अरुंद जागेत टाकून कंटेनर क्वेरीनं, म्हणजे मिळालेल्या जागेनुसार बदलणाऱ्या नियमानं, तिची मांडणी बदलून दाखव. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) निदान 4.5 ला 1 ठेव, मावशीची गिऱ्हाइकं चष्मेवाली असणार. बूटस्ट्रॅप, टेलविंड ही सीएसएसची तयार साधनं नंतर. हे दोन महिने करून कंटाळा आला नाही तर मला स्वतः लिही. आणि झोप वेळेवर घे, त्या एका बाबतीत मी बाबांच्या बाजूनं आहे.

राहिलं ते 85 हजारांचं पत्रक. त्यात मांडणीसाठी टेबल आणि फ्लोट या जुन्या पद्धती आहेत, बूटस्ट्रॅपची जुनी तिसरी आवृत्ती आहे. ग्रिड 2017 मध्येच क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत आलं, कंटेनर क्वेरी 2023 पर्यंत. दोन्हींचा पत्रकात पत्ता नाही. जुन्या पद्धती माहीत असाव्यात, कारण जुन्या साइट दुरुस्तीला येतात, पण त्यासाठी 85 हजार? 'शंभर टक्के प्लेसमेंट'च्या शेजारी छोटी चांदणी आहे, तिचा खुलासा पत्रकात मला कुठे सापडला नाही. याहून ताजी माहिती एमडीएन या वेबतंत्राच्या संदर्भ-साइटवर फुकट आहे, आणि ती वाचण्याइतकं इंग्रजी बी.कॉम.च्या मुलीला येतं. फी भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर पावतीमागच्या परताव्याच्या अटी आजच वाचा, ते काम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल.