कमानदार दार असलेला जुना बंगला ट्यूडर शैलीतला असतो का?

कमानदार दारावरून कुणी तुमच्या घराला ट्यूडर, म्हणजे जुन्या इंग्लिश घरांच्या धाटणीचं, म्हटलं असेल, तर मला ते पटत नाही. पसरट दुपाखी छप्पर, दोन-अडीच फूट बाहेर आलेली वळचण, तिच्याखाली उघडी दिसणारी वाशांची टोकं आणि दगडी चौथऱ्यांवरचे, वर निमुळते होत गेलेले व्हरांड्याचे खांब, एवढं तुम्ही लिहिलंय. हा क्राफ्ट्समन बंगला आहे, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रुळलेल्या, लाकूडकाम उघडं दाखवणाऱ्या शैलीतला.

शैली ओळखताना दार मी सगळ्यात शेवटी बघतो. शंभर वर्षांत दारं-खिडक्या दोन-तीनदा सहज बदलतात. छपराचा उतार बदलायचा तर अख्खं छप्पर उतरवावं लागतं, म्हणून तो बहुधा मूळचाच राहतो. ट्यूडर धाटणीचं छप्पर उभट असतं, वळचण जेमतेम. चौपाखी छप्पर आणि ओळीने लागून खिडक्या असत्या, तर मी प्रेअरी शैलीचा, म्हणजे त्याच काळातल्या अमेरिकेतल्या आडव्या, पसरट घरांचा, विचार केला असता. शिकागोचे विटांचे बंगलेही चौपाखीच.

'क्राफ्ट्समन' हे नाव अमेरिकन फर्निचर बनवणारे गुस्ताव स्टिकली यांच्या 'द क्राफ्ट्समन' या मासिकावरून रुळलं. ते १९०१ ते १९१६ या काळात निघत होतं. ही शैली म्हणजे यंत्रावर काढलेल्या नक्षीचा उबग आलेल्या लोकांची चळवळ. लाकूड झाकायचं नाही, सांधा दिसू द्यायचा, हा त्यांचा आग्रह. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनामधलं, ग्रीन बंधू या वास्तुरचनाकारांनी रचलेलं गॅम्बल हाउस (१९०८) हे घर फोटोंत जरूर पाहा. तिथे वाशांची टोकं हाच घराचा दागिना आहे. तुमच्या वळचणीतही तीच दृष्टी आहे, साध्या सुताराच्या हातून उतरलेली, आणि मला ती तितकीच मोलाची वाटते.

आता दाराचं. आतून कमानीभोवतीचा गिलावा नीट बघा. जुन्या चौकोनी चौकटीची रेघ किंवा वेगळ्या पोताचा पट्टा दिसला, तर कमान मागाहून बसवलेली आहे. काही दिसलं नाही, तरी मत बदलायचं कारण नाही. १९२०च्या दशकात बांधणारे दोन शैलींची सरमिसळ बिनधास्त करत.

घर अमेरिकेत असेल तर टॉर्च घेऊन माळ्यावरही चढा. वाशांवर शाईने छापलेलं अक्षर आणि आकडे सापडले, तर अख्खं घरच कॅटलॉगमधून, जोडायच्या सुट्या भागांच्या रूपात मागवलेलं असू शकतं. टपालाने माल विकणारी सिअर्स कंपनी १९०८ ते १९४० अशी घरं विकत होती.

आणि वळचण पत्र्याने मढवायचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. एखाद्या वाशाचं टोक कुजलं असेल, तर तेवढंच कापून तिथे नवं लाकूड सांधता येतं.