पोयणी म्हणजे कमळच का?

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लक्ष्मीपूजनाला त्यांनी दादरच्या फुलबाजारातून कमळं आणली, तर पालघरकडच्या सासूबाई म्हणाल्या, 'ही कमळं नव्हेत, पोयणी.' पोयणी हे कमळाचंच गावठी नाव ना?

ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. शब्दाचं कूळ मात्र कमळाचं. संस्कृत पद्मिनी, प्राकृतात पउमिणी, पुढे पोयणी. गुजरातीतही पोयणीच म्हणतात. पण तळ्याकाठच्या माणसांनी हे नाव कुमुदाला, म्हणजे वॉटर लिलीला दिलं आणि मला तोच अर्थ प्रमाण वाटतो. पुस्तकी कुमुदापेक्षा हा शब्द जिवंत आहे, त्याला गावठी म्हणून मोडीत काढू नका.

फरक पानावर कळतो. कमळाचं पान अखंड गोल, देठ मधोमध, बहुधा पाण्याच्या वर उचललेलं. थेंब त्यावरून घरंगळतो. पोयणीचं पान देठापर्यंत चिरलेलं आणि पाण्यावर पसरलेलं. दोघांचं जवळचं नातंही नाही. कमळाचा सोयरा आहे काश्मीरचा चिनार! पांढरी पोयणी रात्री उमलते, म्हणून चंद्र कुमुदनाथ. निळी दिवसा फुलते, ती नीलोत्पल.

आता 'कमळपक्षी' हा शब्द घ्या. लांबलचक बोटांचा हा पक्षी तरंगत्या पानांवरून चालतो, म्हणजे त्याला पायाखाली हवी असतात ती पोयणीसारखी पानं. घरटंही अशाच तरंगत्या वनस्पतींवर. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं बापाकडे. कांस्यपंखी कमळपक्ष्याचा नर तर पिल्लांना पंखाखाली धरून उचलून नेतो, बाहेर फक्त त्यांचे पाय लोंबताना दिसतात. पोयणीच्या फुलावर मधमाश्या येतात, पानांच्या सावलीत मासळीची पिल्लं लपतात. परागीभवन झालं की फूल पाण्याखाली जातं, फळ तिथेच पिकतं आणि सुटलेलं बी थोडं तरंगून तळाशी बसतं.

पवई तलावावर कमळपक्षी दिसतो. तिथे गेलात तर तो कशावरून चालतोय ते नीट बघा. बऱ्याचदा ती असते दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी. पक्षी तिच्यावरही निभावतो, पण ती माजली की पाण्यावर ऊन पडत नाही आणि पोयणीला जागा उरत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

सासूबाईंना एक विचाराल? त्यांच्या गावच्या तळ्यात निळी पोयणी होती का, आणि तिला वेगळं नाव होतं का? असेल तर मला नक्की कळवा.