जायरो पुढच्या वर्षी, आधी आफ्टरकूलर

प्रश्न थोडक्यात असा: १४ वर्षं जुनी ५८ फुटी मोटर यॉट घेतली आहे, दोन कमिन्स क्यूएसएम११ डिझेल इंजिनं, अवर मीटरवर १,१०० तास. बोट गेटवेसमोर मुरिंगवर (पाण्यातल्या पक्क्या बोयाला बांधून) असते. पावसाळ्यात वर काढली की जायरो स्टॅबिलायझर (वेगानं फिरणाऱ्या जड चाकानं बोटीचं डोलणं कमी करणारं यंत्र) आणि लिथियम बॅटऱ्या बसवून घ्याव्यात का?

बसवा, पण या पावसाळ्यात नको. १४ वर्षांत १,१०० तास म्हणजे बोट चालली कमी आणि उभी राहिली जास्त. असं इंजिन झिजलेलं नसतं, मिठानं खाल्लेलं असतं. पहिला खर्च तिकडे करा.

सुरुवात आफ्टरकूलरपासून. टर्बोची तापलेली हवा इथे समुद्राच्या पाण्याने थंड होते. गाभा तांबं-निकेलचा, बाहेरचं घर ॲल्युमिनियमचं. ओ-रिंग सुकली की खारं पाणी दोघांच्या सांध्यात शिरतं, ॲल्युमिनियम पांढरं पिठूळ होऊन फुगतं आणि गाभा असा जाम होतो की काढताना फाटतो. गळती हवेच्या बाजूला झाली तर ते पाणी थेट सिलिंडरमध्ये. आफ्टरकूलरनंतर इनटेककडे जाणारा होज सोडा आणि आत बोट फिरवा. काळं तेलकट लागलं तर चालेल. पांढरट, खडबडीत लागलं तर स्टार्टरला हात लावू नका. दर दोन वर्षांनी तो पूर्ण उतरवून धुवायचा, प्रेशर टेस्ट करायची, ओ-रिंग नव्या घालायच्या आणि सांध्यांना मरीन ग्रीस भरपूर चोपडायचं. जागेवरच ॲसिड फिरवून देणारे बरेच भेटतील. त्याने नळ्या साफ होतात, पण हवेच्या बाजूचं कीट आणि जुन्या ओ-रिंग तशाच राहतात.

इम्पेलर, म्हणजे समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक, दरवर्षी बदला. काढलेल्याची पाती मोजा. एक जरी कमी भरली तरी तुकडा सापडेपर्यंत पुढचे कूलर उघडायचे. नवा बसवताना ग्लिसरीन लावा, साधं ग्रीस रबर खराब करतं. मुंबई बंदराचं पाणी गाळाचं, त्यामुळे पंपाच्या झाकणावर चरे लवकर पडतात, तेही बघा. आणि एक स्वस्त अपग्रेड लगेच करा: एक्झॉस्टच्या रबरी होजवर पट्ट्याने बसणारा तापमानाचा अलार्म. इनटेकला प्लास्टिकची पिशवी चिकटली की कूलंटचा काटा हलायच्या आधी हा ओरडतो.

तळाला सीकॉक (बोटीच्या तळातल्या भोकांवरचे व्हॉल्व्ह) खरवडून बघा. धातू गुलाबी दिसला तर ते पितळ आहे आणि त्यातलं जस्त निघून गेलंय, ब्राँझचा घाला. ॲनोड (बाकीच्या धातूऐवजी स्वतः गंजणारे धातूचे तुकडे) निम्मे झिजले की बदला, त्यांना रंग लावू देऊ नका. पावसाळ्यात खाडीत आडोशाला ठेवणार असाल तर ॲल्युमिनियमचे ॲनोड बरे, कारण निमखाऱ्या पाण्यात जस्तावर थर धरतो आणि ते काम करायचं थांबतं. जस्त आणि ॲल्युमिनियम एकत्र मात्र नको.

शाफ्ट सीलचा (प्रोपेलरचा दांडा तळातून बाहेर जातो तिथे पाणी अडवणारा) रबरी बेलो सहा वर्षांहून जुना असेल तर बदलाच. कपलिंगचं अलाइनमेंट (गिअरबॉक्स आणि शाफ्टच्या फ्लँज एका रेषेत आणणं) बोट वर असताना करणाऱ्याला पैसे देऊ नका. ट्रेस्टलवर, म्हणजे टेकूंवर, तळाचा आकार थोडा बदलतो. पाण्यात उतरवून दोन दिवस जाऊ द्या, मग फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. फ्लँजच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे पाच इंची फ्लँजला पाच थाऊपर्यंत फरक चालतो.

त्यानंतर टाक्या भरून, तळ स्वच्छ असताना फुल थ्रॉटल द्या. नेमप्लेटवर २,३०० आरपीएम असेल तर तेवढे किंवा थोडे जास्त मिळाले पाहिजेत. २,२०० वरच अडकत असेल तर इंजिन आत्ताच ओव्हरलोड आहे, आणि त्यात तुम्ही जायरोचं अर्धा ते एक टन वजन वाढवणार. आधी प्रोपेलरचा पिच (पात्यांचा पीळ) कमी करून घ्या. जायरोचा पाया मूळ स्ट्रिंजरनाच (तळाच्या लांबीभर जाणाऱ्या मजबूत तुळयांना) बांधलेला हवा, नुसत्या फ्लोअरवर नाही. जायरोचं चाक वेगात यायला अर्धा तास सहज जातो आणि तोवर जनरेटर चालू, तेव्हा त्याची सर्व्हिसही हिशेबात धरा. मांडव्याला नांगरून पाहुणे बसवायचे असतील तर फिनपेक्षा (तळाबाहेर बसणाऱ्या, डोलणं रोखणाऱ्या पंखांपेक्षा) जायरोच बरा, तळाला भोकं पडत नाहीत.

लिथियम फक्त हाउस बँकला, म्हणजे दिवे, फ्रिज वगैरे चालवणाऱ्या बॅटऱ्यांना. इंजिन सुरू करायच्या बॅटऱ्या शिशाच्याच राहू द्या, अल्टरनेटरही त्यांनाच जोडा आणि तिथून डीसी-डीसी चार्जरने लिथियम भरा. थेट जोडलं आणि बीएमएसने (लिथियम बॅटरीच्या संरक्षक सर्किटने) मध्येच तोडलं, तर अल्टरनेटरचे डायोड उडतात.